बीपीवाल्यांनो, ताटात काय बदललं? तुमचे अनुभव सांगा

मागच्या महिन्यात आईचं बीपी उपकेंद्रात १६८/१०० निघालं. गोळी सुरू झाली अन् मीठ कमी करा म्हणाले. घरात सगळे म्हणे आम्ही तं वरून मीठ घेतच नाही. मग मी एक दिवस बसून लिहून काढलं, सकाळी शिळी भाकर अन् ठेचा, दुपारी वरणभातासंगं लोणचं अन् दोन पापड, चहासोबत खारी, रात्री पिठलं अन् पुन्हा ठेचा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत सांगते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा. तेवढं तं आईचं दुपारपर्यंतच होत असंल. पुस्तकातली यादी नको, तुमच्या चुलीवर काय जमलं अन् काय फसलं ते लिहा.

दर्यापूरकडची सून
आमच्याकडे नऊ जणांचा स्वयंपाक. सासऱ्यांची भाजी वेगळी अळणी करायचे, तिसऱ्या दिवशी त्यांनी ताट सरकवलं, म्हणाले मी काय आजारी आहे का. खूप वाईट वाटलं मला. मग ठरवलं की सगळ्यांचंच कमी करायचं पण कोणाला सांगायचं नाही. मिठाच्या डब्यातला चमचाच लहान केला, भाकरीच्या पिठात टाकणं बंद, वरणाला चिंच नाहीतर लिंबू अन् लसूण जिऱ्याची फोडणी जास्त. ठेच्याऐवजी जवसाची चटणी, मीठ नावापुरतं. दीड महिन्यात जिभा सरावल्या, आता नणंदेकडचं जेवण सासऱ्यांनाच खारट लागते. पापड मात्र सणालाच, कारण त्यात मीठ असतेच अन् वरून पापडखार, तोही सोडियमच. हरभऱ्याची भाजी हिरवी राहावी म्हणून सोडा टाकायचे तोही सोडला.

यवतमाळ जिल्हा, वय ४६
माही चूक सांगतो, दुसऱ्यानं करू नये म्हणून. तर्री पोहे सोडले, रोजचं सावजी सोडलं, खर्र्याच्या (तंबाखू-सुपारी) पाच पुड्यांवरून एकीवर आलो. तीन महिन्यांत १३०/८४ आलं. मले वाटलं झालं आता, गोळी कायले पाहिजे, बंद केली कोणाले न विचारता. महिनाभरानं वावरात डोकं एवढं ठणकलं का खाली बसलो, दवाखान्यात १८०/११०. डॉक्टर म्हणाले १३० जे आलं होतं ते गोळी अन् जेवण दोघांचं मिळून होतं. आता दोन्ही चालू आहे. खर्रा पुरा सुटायचा आहे अजून, पण सोडीन.

निवृत्त शिक्षक, भंडारा
सैंधवाबद्दल लिहितोच, कारण गावात अर्धे लोक त्याच भरवशावर आहेत. तेही सोडियम क्लोराइडच आहे, बीपीसाठी फरक नाही, उलट साध्या पाकिटातलं आयोडीन मिळत नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं. मुलानं शहरातून कमी सोडियमचं मीठ आणून दिलं, चांगल्या मनानं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. माझं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर, अन् बीपीची गोळी टेल्मिसार्टन, तिनंही पोटॅशियम वाढते. डॉक्टरांना पाकीट दाखवलं तर तिथंच बंद करायला लावलं. किडनी धड असलेल्यांना ते चालू शकते, पण विचारून घ्या बाप्पा.

वरूड
संत्री घरचीच, चहासोबतच्या शेव-फरसाणाऐवजी दोन संत्री, रस न काढता. वजन चार किलो उतरलं, बीपीही थोडं.

आशाताई, चंद्रपूर
पावसाळ्यात तरोटा, अंबाडी फुकट मिळते तेव्हा भरपूर खा, पण भाजी धुऊन, मीठ शेवटी अन् थोडं. मे महिन्यात मात्र वेगळं आहे, इकडचं ऊन तुम्हाला माहीत आहे. एक काकू मीठ एकदम तोडून, गोळी घेऊन तेंदूपत्ता तोडायला गेल्या अन् चक्कर येऊन पडल्या. उन्हाच्या कामाचे दिवस असतील तर मीठ किती अन् गोळी किती हे आधी विचारून ठेवा. अन् बीपी मोजायच्या अर्धा तास आधी चहा-खर्रा नको, पाच मिनिटं शांत बसा, नाहीतर आकडा उगाच चढतो.

दर्यापूरकडची सून
ताई, लग्नसराईत काय सांगता तुम्ही लोकांना? पुढच्या आठवड्यात घरात तीन लग्नं आहेत अन् सासऱ्यांना पंगतीत वाढणारे काही ऐकत नाहीत.