मदत हवी आहे: रोटेनोन देऊनही पेशी तग धरतात, प्रयोग मेंदूच्या जवळ कसा न्यावा?

नमस्कार,

पार्किन्सनच्या अभ्यासासाठी मी एसएच-एसवाय५वाय पेशी वापरतो. या आजारात नष्ट होणाऱ्या, डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशींऐवजी त्या जगभर वापरल्या जात असल्या, तरी मुळात त्या एका चार वर्षांच्या मुलीच्या कर्करोगातून आलेल्या, सतत विभाजित होणाऱ्या पेशी आहेत, आणि माझ्या अडचणीचे मूळ बहुधा तिथेच आहे.

मायटोकॉन्ड्रियाची (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांची) श्वसनसाखळी पहिल्याच टप्प्यावर अडवणारे रोटेनोन हे विष मी त्यांना २४ तास देतो. काही आठवडे रोटेनोन दिलेल्या रॅट्समध्ये डोपामाइनच्या चेतापेशी नष्ट होतात, हे २००० सालीच दाखवले गेले आहे. माझ्या प्लेटमध्ये मात्र बहुतेक पेशी दुसऱ्या दिवशीही तळाला चिकटून असतात. बदलतो तो फक्त मीडियाचा, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या पोषक द्रवाचा, रंग. कंट्रोलमध्ये (रोटेनोन न दिलेल्या पेशींत) तो लालसर राहतो, रोटेनोन दिलेल्या वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) सकाळपर्यंत पिवळा पडतो, ही आम्ल वाढल्याची खूण. म्हणजे श्वसन अडले तरी पेशी ग्लुकोजपासून लॅक्टिक आम्ल बनवत निभावून नेतात. मीडियात ग्लुकोज २५ मिलिमोलर आहे, मेंदूत पेशींभोवती ते जेमतेम एक-दोन मिलिमोलर. ही चैन खऱ्या चेतापेशींच्या नशिबी नाही.

आता ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज ही दुसरी साखर द्यावी, म्हणजे पेशींना मायटोकॉन्ड्रियावाचून गत्यंतर उरणार नाही, की ग्लुकोजच २.५ मिलिमोलरवर आणावे? रेटिनॉइक आम्लाने विभाजन आधी थांबवावे का? रुग्णांच्या त्वचेपासून चेतापेशी घडवण्याचा सल्ला मिळाला, पण तेवढा निधी नाही. शिवाय त्या पेशी वयाने गर्भातल्यासारख्या असतात आणि आजार उतारवयातला. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

रेटिनॉइक आम्लापासूनच सुरुवात करा. रोटेनोन विभाजनाला लागणाऱ्या सूक्ष्मनलिकाही मोडते, त्यामुळे विभाजन चालू असलेल्या पेशींत एमटीटीचा (जिवंत पेशींचा अंदाज देणाऱ्या रंगचाचणीचा) आकडा घसरला, तरी पेशी मेल्या की नुसत्या वाढायच्या थांबल्या, हे कळत नाही. पिएरिसिडिन हा श्वसनसाखळीचा तोच टप्पा अडवणारा दुसरा पदार्थ शेजारच्या वेलमध्ये ठेवा. परिणाम दोन्हींत सारखा आला, तरच मायटोकॉन्ड्रियाला दोष द्या.

गॅलॅक्टोज कारण तपासायला उत्तम, पण मेंदू काही त्यावर जगत नाही. मी २.५ मिलिमोलर ग्लुकोज निवडेन. २०१५ साली आलेल्या ब्रेनफिज या मीडियातही तेवढेच ठेवले आहे. फक्त पेशी विरळ पेरा आणि मीडिया लवकर बदला, नाहीतर ग्लुकोज रातोरात संपेल आणि उपासमारीने मेलेल्या पेशी रोटेनोनच्या खात्यावर जमा होतील.