मदत हवी आहे: बोलेरो पिकअपला 215/75 आर 15 काढून 235/75 आर 15 बसवावेत का?

नमस्कार मंडळी,

आमची बोलेरो पिकअप टोमॅटोवर चालते. हंगामात शेतातून पिंपळगाव बसवंत मार्केट, आणि भाव बरा असला की रात्री कसारा घाट उतरून थेट वाशी. गाडीसोबत आलेले टायर 215/75 आर 15 आहेत (म्हणजे रुंदी 215 मिमी, बाजूची उंची रुंदीच्या 75 टक्के, रिम 15 इंची). मागची जोडी आता गोटा झाली आहे आणि पुढचेही फार टिकतील असं वाटत नाही, त्यामुळे पाचही नवीन घ्यायचा विचार आहे.

टायरवाला म्हणतो, डिस्क (चाकाच्या लोखंडी रिम) त्याच ठेवा आणि 235/75 टाका. पावसाळ्यात आमच्या पाणंद रस्त्याला काळ्या मातीत इतक्या खोल चाकोऱ्या पडतात की भरलेल्या गाडीचं पोट टेकतं, म्हणून त्याचं बोलणं पटलं होतं. मग घरी बसून हिशोब केला. सध्याच्या टायरचा व्यास साधारण 703 मिमी, नव्याचा 733. पण चाक 30 मिमीने मोठं झालं तरी गाडी उचलली जाणार निम्मीच, म्हणजे 15 मिमी. दीड सेंटीमीटरसाठी एवढं करायचं का?

शिवाय चाक सव्वाचार टक्के मोठं झालं की मीटरवर 80 दिसताना गाडी 83 च्या पुढे असणार. मीटर किलोमीटरही कमी मोजणार, म्हणजे ॲव्हरेज उगाच पडल्यासारखा दिसणार. ते चालवून घेता येईल. पण माल भरून घाट चढताना ओढ कमी होणार, त्याचं काय?

माझी खरी काळजी वजनाची आहे. दुकानात दाखवलेला 235 एसयूव्हीचा होता, त्यावर लोड इंडेक्स 105, म्हणजे एका टायरला 925 किलो. आकडा वाचायला चांगला आहे, पण तो पॅसेंजर टायर. त्याची बाजू आमच्या 8 प्लायपेक्षा (आठ थरांच्या ताकदीचा, मालवाहू टायर) मऊ. वीस-वीस किलोचे क्रेट रचून उन्हात हायवेला लागलो की सगळा भार मागच्या दोन टायरवर येतो. बाजू सतत दबत राहिली की टायर तापतो, आणि तापलेला टायर फुटतो. गाडी घरचाच माणूस चालवतो, म्हणून यात मला जोखीम घ्यायची नाही.

मेहुण्याने 16 इंची अलॉय रिम आणि त्यावर 215/70 टायर सुचवलं. व्यास जवळपास तोच राहतो, पण रबराची उंची सेंटीमीटरभर कमी होते. खड्ड्यांच्या रस्त्याला ते नको, म्हणून तो विषय मी सोडला.

सध्या मन असं सांगतंय की साइज तीच ठेवावी, फक्त मागे जाड खाचांचे, कमर्शियल लोडचे टायर घ्यावेत. तरी ज्यांनी प्रत्यक्ष भरलेल्या पिकअपवर 235 चालवलेत, त्यांनी कृपया सांगा:

फुल स्टिअरिंग मारल्यावर किंवा लोडमध्ये गाडी बसल्यावर टायर कुठे घासतो का? 235 ला किमान 6 इंच रुंद रिम लागते असं वाचलं, मग मूळ डिस्कवर तो नीट बसतो का? 8 प्लायमध्ये 235/75 आर 15 कुणाला नाशिककडे मिळाला आहे का? आणि पासिंगला साइज बदललेली पाहून आरटीओत कुणाला अडवलं का? पुढच्या महिन्यात आमचं पासिंग आहे, टायर त्याआधी घ्यायचे आहेत.