"ब्लेखनाप्फ"ला मराठीत काय म्हणाल?

जर्मन लेखक हान्स फालाडाची १९३४ सालची कादंबरी वाचतेय, "वेअर आइनमाल आउस डेम ब्लेखनाप्फ फ्रिस्ट". अफरातफरीसाठी पाच वर्षं तुरुंगात काढलेला विली कुफाल्ट सुटतो, हॅम्बुर्गला पाकिटांवर पत्ते टाईप करायचं काम धरतो, आणि शेवटी परत आतच जातो. नाव शब्दशः केलं तर "जो एकदा पत्र्याच्या वाडग्यातून खातो" असं होतं, ते कानाला काही बरं वाटत नाही. त्याऐवजी "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" चालेल का?

म्हण नको हो ताई. खोड म्हटलं की दोष त्या माणसाच्या अंगातच आहे असं होतं, आणि कुफाल्ट तर सरळ जगायला जीव तोडून धडपडतोय, पण जिथे जाईल तिथे कुणीतरी त्याचं मागचं उकरून काढतंच. फालाडा स्वतः अफरातफरीपायी दोनदा आत जाऊन आलेला, १९२८ ला सुटल्यावर हॅम्बुर्गमध्ये त्यानेही पाकिटांवर पत्तेच लिहिले, त्याचं पुस्तक आपण "खोड" म्हणून निकालात काढायचं हे मला पटत नाही. आणि जर्मन नाव अर्धंच आहे बघा, "जो" आहे पण "तो" नाही. मराठीत जो आला की कान तो ची वाट बघत बसतो, ते तसंच लटकत राहू द्या.

मला "फ्रिस्ट" जास्त महत्त्वाचं वाटतं. जर्मनमध्ये माणसाचं खाणं एसन, जनावराचं फ्रेसन, आणि फ्रिस्ट हे त्या फ्रेसनचंच रूप. कुणी "गिळतो" सुचवेल, पण "गिळ एकदाचं" मध्ये वाढणारीचा वैताग असतो, खाणाऱ्याची अवस्था नाही. आपल्याकडे साधी सोय आहे की, माणूस जेवतो, कुत्रं जेवत नाही, खातं. म्हणून "जेवतो" टाळून "खातो" ठेवलं की झालं.

नाप्फ म्हणजे कुत्र्यामांजराला घालतात तसलं भांडं, ब्लेख म्हणजे पत्रा. वाडग्याने भिकारी डोळ्यापुढे येतो, कैदी नाही. मी "जर्मलचं ताट" म्हणेन. धातू वेगळा आहे मान्य, जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम, पण आमच्या गावी गड्यासाठी एक जर्मलचं ताट असायचं, कडेला चेंबलेलं, घरातल्या पितळी ताटांत कधी न मिसळलेलं, गोठ्याच्या कोनाड्यात पालथं घातलेलं. तो जेवायचा, स्वतःच धुवायचा, परत तिथेच ठेवायचा. ते ताट दुसरं कुणी हातात घेतलेलं मी बघितलं नाही. शिक्का बसणं म्हणजे काय ते मला त्या ताटावरून कळतं.

दादा, ताटाचं वाचून कसंसंच झालं. जर्मन कादंबरीत जर्मल आलं तर लोक शब्दाचा खेळ समजतील अशी धास्ती वाटतेय, पण पत्र्याचा वाडगा आता नकोच. "जो एकदा जर्मलच्या ताटात खातो" एवढंच ठेवते, पुढे तो नाही.