डाकारचा हाब्रे खटला: वाट सापडली की एकदाच लागलेली लॉटरी?

खडूस_वाचक:
सुदानमधल्या डार्फुरचा विषय निघाला की कुणीतरी "हेगला पाठवा" म्हणतंच, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात. मला मात्र डाकार (सेनेगलची राजधानी) आठवतं. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे १९९० मध्ये सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला आणि वीसेक वर्षं तिथे आरामात राहिला. याच्याच गुप्त पोलिसांनी चाडच्या राजधानीत, एन्जामेनात, पोहण्याच्या तलावावर काँक्रीटचा स्लॅब टाकून खाली कोठड्या काढल्या होत्या. चाडच्या चौकशी आयोगाने बळींचा अंदाज ४०,००० दिला. तुरुंगातून जिवंत सुटलेल्या सुलेमान गेंगेंगने ७९२ जणांच्या जबान्या गोळा केल्या. पेशाने हिशेबनीस! शेवटी आफ्रिकन युनियन आणि सेनेगलने मिळून डाकारमध्ये खास न्यायालय उभं केलं. हाब्रे पांढरा फेटा, काळा चष्मा लावून गप्प बसायचा. पहिल्यांदा तर उचलूनच आणावा लागला. ३० मे २०१६ ला जन्मठेप झाली. एका देशाच्या कोर्टाने दुसऱ्या देशाच्या माजी राष्ट्रप्रमुखाला अशा गुन्ह्यांसाठी शिक्षा केल्याचं हे पहिलंच उदाहरण. म्हणून म्हणतो, हा न्याय आफ्रिकेतच व्हावा.

नदीकाठ:
साफ असहमत. हाब्रे तेव्हा पडलेला मोहरा होता. १९८४ च्या दक्षिणेतल्या कत्तलींच्या वेळी त्याचा सेनापती कोण? इद्रिस देबी. खटला चालू असताना तो चाडचा राष्ट्राध्यक्ष होता, त्याला कुणी हात लावला नाही. आणि आफ्रिकन युनियनची नियत बघायची तर २०१४ चा मालाबो करार वाचा: प्रस्तावित आफ्रिकी न्यायालयात सत्तेवर असलेल्या राष्ट्रप्रमुखावर खटलाच नाही. चोराला खुर्ची सोडू नकोस म्हणून सांगण्यासारखंच झालं.

मोगरा_७२:
भरपाईचं पण बोला की. २०१७ च्या अपिलात ७,३९६ पीडितांना ८२ अब्ज सीएफए फ्रँक (चाडचं चलन) मंजूर झाले. हाब्रे २०२१ मध्ये कोरोनाने गेला. चाड सरकारने पैसे वाटायला सुरुवात केली फेब्रुवारी २०२४ मध्ये, तेही १० अब्जच. तोवर कित्येक पीडित वारले होते.

खडूस_वाचक:
भरपाईचं मान्य, ती लाजच आहे. पण हेगचं काय? सुदानचा तेव्हाचा राष्ट्राध्यक्ष ओमर अल बशीर याच्यावर २००९ पासून वॉरंट होतं. २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून विमानात बसून आरामात गेला.

सावली:
तुम्ही दोघे कोर्टात अडकलात. जीव मुठीत धरून पळालेल्याला आधी सीमा उघडी हवी. २०२३ मध्ये डार्फुरमधल्या एल जनैनातून माणसं पायी आद्रेकडे निघाली, वाटेत गोळ्या खात. आद्रे चाडमध्येच. म्हणजे ज्या चाडने २०१० मध्ये बशीरला पाहुणा म्हणून बोलावलं, वॉरंट असून अटक केली नाही, तोच चाड सुदानी निर्वासितांना आत घेत राहिला. १९६९ च्या आफ्रिकी निर्वासित करारात छळाच्या भीतीबरोबरच परकीय आक्रमण आणि सार्वजनिक व्यवस्था ढासळणं हीसुद्धा कारणं धरली आहेत. गोळीबारातून पळालेल्याला 'तुझा वैयक्तिक छळ सिद्ध कर' म्हणत बसावं लागत नाही. (आपल्या भारताने तर १९५१ च्या जागतिक निर्वासित करारावरही सही केलेली नाही, तेव्हा नाकं मुरडू नयेत.)

आणि छावणी म्हणजे साक्षीदार. २००७ मध्ये पूर्व चाडच्या छावण्यांत डार्फुरच्या पोरांनी चित्रं काढली: वरून विमानं, खाली जळणाऱ्या झोपड्या, बंदूकधारी. ती आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून घेतली. चाडने सीमा बंद केली असती तर ती चित्रं कुठून आली असती?

नदीकाठ:
सावलीताई, हे पटलं. पण खडूसभाऊ, तुमच्या वाटेवरचं पुढचं गाव दाखवा. दक्षिण सुदानसाठी असंच खास न्यायालय आफ्रिकन युनियनने उभारायचं, हे २०१५ च्या शांतता करारात लिहिलंय. २०१८ च्या करारात पुन्हा लिहिलं.

खडूस_वाचक:
माहीत आहे. दोन्ही करारांवर सही करणारे तेच राजकारणी पुढे सत्तेत बसले. गेंगेंगलाही फिर्याद दाखल झाल्यापासून निकालापर्यंत सोळा वर्षं लागली.

मोगरा_७२:
सोळा वर्षं ठीक, पण त्याने निदान हाब्रेची सत्ता गेल्यावर सुरुवात केली होती.