मानेतली गाठ, एसडीएचडी आणि आमचं घर: कुणाला अनुभव आहे?

इंदिरानगरवाली: दादाच्या (वय ३८) जबड्याखाली डावीकडे सुपारीएवढी गाठ आली. दुखत नाही. इथे एका ठिकाणी टीबीची गाठ समजून सुई टाकायचं ठरलं होतं. सोनोग्राफीवाल्या मॅडमना आत रक्त इतकं धावताना दिसलं की त्यांनी सुईला साफ नाही म्हटलं. एमआरआयमध्ये कॅरोटिड बॉडीचा (मानेतली मोठी रक्तवाहिनी जिथे दुभंगते तिथला बारीक पुंजका) पॅरागँग्लिओमा, म्हणजे भरपूर रक्त असलेली गाठ, निघाला. मग पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या दोन फेऱ्या, जनुकाची तपासणी, आणि रिपोर्टात एसडीएचडी नावाच्या जनुकात दोष.

आप्पांनाही (आमचे वडील) अशीच गाठ होती, आत्यालाही. पण आत्याचे दोन्ही मुलगे पन्नाशीला आले तरी ठणठणीत. आई म्हणते, मुलीच्या पोटी जात नाही, तू निर्धास्त राहा. माझा मुलगा ११ वर्षांचा, मुलगी ७. राहू का निर्धास्त?

गोदाकाठ: ताई, मुलांचं विचारलंत, स्वतःचं विसरलात! तुमच्यात दोष असेल तर तो आप्पांकडूनच आलेला, म्हणजे गाठीचा धोका तुम्हालाच.

आईचं निम्मं खरं आहे. एसडीएचडीचा दोष बापाकडून आला तर गाठी होतात, आईकडून आला तर अगदी क्वचित. पण दोष गुपचूप पुढे जातोच, दर अपत्याला निम्मी शक्यता. तुमच्या मुलाला काही झालं नाही तरी उद्या त्याच्या पोरांना होऊ शकतं. आधी तुमचं रक्त जनुकाच्या तपासणीला द्या. घरातला दोष माहीत आहे, त्यामुळे नेमका तेवढाच शोधतात. तुमच्यात नसेल तर मुलांचा प्रश्नच मिटला.

माझी एक गाठ काढली. दोन महिने आवाज घोगरा, पाणी पितानाही ठसका. दुसरी लहान आहे, एमआरआय करत नुसती नजर ठेवलीय. या गाठी फार सावकाश वाढतात.

ओटीतली सिस्टर: दादांची मेटानेफ्रिनची (गाठ बीपी वाढवणारं हार्मोन सोडते का ते दाखवणारी) तपासणी झाली का? मानेतल्या गाठी बहुधा हार्मोन सोडत नाहीत, पण याच घराण्यात पोटात किंवा छातीतही गाठ निघू शकते आणि ती बीपी भडकवते. या तपासणीचं रक्त देण्याआधी २०-३० मिनिटं आडवं पडायचं असतं. धावतपळत जाऊन दिलं तर आकडा उगाच वाढतो. हार्मोनवाली गाठ असेल तर ऑपरेशनआधी अल्फा ब्लॉकर हे बीपीचं औषध, बीटा ब्लॉकर त्यानंतरच. उलट केलं तर बीपी हाताबाहेर जातं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना सगळं आधी सांगा.

इंदिरानगरवाली: माझं खरंच डोक्यात आलं नव्हतं. सोमवारी रक्त देते. पण मग आत्येभाऊ? त्याला दोन मुली, थोरलीचं लग्न ठरलंय. बाप तोच की! गोदाकाठ, तुम्ही नातेवाइकांना कसं सांगितलंत?

गोदाकाठ: समोर बसून सांगितलं तेव्हा चुलतभाऊ उठूनच गेला. दुसऱ्याला रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली एवढंच लिहिलं: "तुझ्या डॉक्टरांना दाखव." तीन दिवसांनी त्याचाच फोन आला.