विषय: एम-चिपच्या मॅकवर विंडोज – अंकाच्या जुन्या फायली

प्रेषक: अंक समिती (सध्या पर्वरी)

नमस्कार मंडळी,

गावी आहे तोवर मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर युनिकोडमध्ये (कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा अक्षरांत) आणायचं मनावर घेतलंय. म्हापशाच्या छापखान्याने सगळ्या सीडी शोधून दिल्या. फायली पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रामच्या, मजकूर जुन्या मराठी फॉन्टात, आणि त्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरला यूएसबीचं लॉक, म्हणजे खोचल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशी किल्ली, लागतं. तेही त्यांनी दिलंय. माझ्याकडे ॲपलच्या स्वतःच्या एम2 चिपचा मॅकबुक एअर आहे, 8 जीबी रॅमचा. दुकानात सांगतात, पॅरलल्स हा मॅकवर विंडोज चालवणारा प्रोग्राम घाला, विंडोज मस्त चालेल. घेऊ का? चवथीच्या आधी काम उरकायला हवं.

उत्तर – प्रेषक: एक जुना सभासद, फोंडा

ताई, पैसे भरू नकोस अजून. विंडोज चालेल हे खरं, पण तुझं काम त्यावर होईल असं नाही.

पूर्वीच्या इंटेल मॅकवर बूट कॅम्पने मशीन सरळ विंडोजमध्ये सुरू करता यायचं. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 आला आणि ती सोय गेली. आता मॅकमध्येच दुसरा आभासी संगणक उभा करावा लागतो, आणि त्यात बसतं ते विंडोज 11 चं आर्म रूप, म्हणजे एम-चिपच्या जातीच्या चिपसाठी बनवलेलं. पॅरलल्सवर ते चालवायला मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी 2023 मध्ये रीतसर मान्यता दिली, तेव्हा त्यात वावगं काही नाही. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्राम हे विंडोज स्वतःच भाषांतर करून चालवतं, 32-बिटवालेसुद्धा. मात्र जुन्या सीडीवरचा इन्स्टॉलर 16-बिटचा निघाला तर तिथेच अडेल.

खरी अडचण तुझ्या लॉकची. लॉकला ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला ते ओळखायला लावणारा छोटा प्रोग्राम, लागतो, आणि ड्रायव्हरचं असं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच बनवलेला असावा लागतो. इतक्या जुन्या लॉकचा तसा ड्रायव्हर कुणी काढला असेल अशी आशा धरू नकोस. यूएसबी विंडोजकडे वळवली की लॉक दिसेल, पण सॉफ्टवेअर म्हणेल लॉक लावा. पॅरलल्स असो की फ्यूजन, यूटीएम हे तसलेच दुसरे प्रोग्राम असोत, गत तीच. यूटीएमवर अख्खं इंटेल मशीन नकलता येतं, पण ते इतकं संथ की पानं लावायचा विचारसुद्धा करू नये.

फायली मॅकच्या इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या नव्या प्रोग्राममध्ये) उघडण्याचा मार्गही बंद आहे. पेजमेकरच्या फायली घेणारी त्याची शेवटची आवृत्ती सीएस6, आणि ती तुझ्या मॅकवर चालत नाही.

माझ्याकडे इंटेलचा जुना विंडोज लॅपटॉप आहे, तो घेऊन जा. त्यावर प्रत्येक अंकाची आधी पीडीएफ काढ, मग मजकूर युनिकोडमध्ये बदल. पीडीएफ हवीच, कारण रूपांतरानंतर ताडून बघायला मूळ पान समोर लागतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणून 'कार्यक्रम', 'सूर्य', 'वर्षा', 'स्थिती' असले शब्द आधी शोधून पाहायचे. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यांतला ऱ्य तर हमखास बिघडतो. लेखकांची नावं एकेक करून डोळ्यांखालून घाल, ती शुद्धलेखन तपासणीत सापडत नाहीत. आपल्या लोकांनी परमुलखात नोकऱ्या सांभाळून लिहिलेला मजकूर आहे, त्यात कुणाचं नाव चुकीचं जाता कामा नये.

उत्तर – प्रेषक: खजिनदार, मस्कत

काकांशी सहमत. पण मंडळाच्या हिशेबांसाठी मॅकवर विंडोज जरूर घाला. हिशेबाच्या प्रोग्रामला लॉक नाही, मी वर्षभर तसाच वापरतोय. त्यासाठी व्हीएमवेअर फ्यूजन पुरेसं आहे, नोव्हेंबर 2024 पासून ते सगळ्यांना फुकट आहे. विंडोजचा परवाना तेवढा वेगळा घ्यावा लागतो.

ताई, 8 जीबीतले 4 विंडोजला दिलेत तर मॅककडे 4 च उरतात; तेव्हा ब्राउझर बंद ठेवून काम करा. फ्यूजन सुरुवातीलाच एक पासवर्ड ठरवायला लावतं, तो वहीत लिहून ठेवा. तो हरवला तर आतलं काही परत मिळत नाही. आणि हिशेबाची फाइल मॅकच्या फोल्डरमध्ये ठेवून विंडोजशी शेअर करा. म्हणजे पावसात वीज जाऊन आभासी मशीन बिघडलं तरी ती बाहेर शाबूत राहते आणि टाइम मशीनमध्ये, म्हणजे मॅकच्या बॅकअपमध्ये, तिची प्रत निघते. आभासी मशीनची अवाढव्य फाइल मात्र टाइम मशीनमधून वगळा, नाहीतर बॅकअपची डिस्क बघता बघता भरेल.

उत्तर – प्रेषक: अंक समिती (पर्वरी)

काका, रविवारी सकाळी फोंड्याला येते. सीडी आणि लॉक बरोबर आणते. तुमच्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह आहे का तेवढं कळवा, नसेल तर पणजीतून यूएसबीचा घेऊन येते.