नवीन एसयूव्हीचं कोटेशन १९ लाख १३ हजार : यात नेमकं कुठे बोलायचं?

सायली_मुलुंड

नमस्कार मंडळी. नवीन गाडीची किंमत कशी ठरवून घ्यायची याबद्दल अनुभवी लोकांचं मत हवं आहे.

घरात आम्ही पाच जण. सासूबाईंचे गुडघे दुखतात, खालच्या सीटवर बसणं-उठणं त्यांना जमत नाही. गणपतीला चिपळूणजवळ गावी जायचं तर पाच माणसं आणि सामान आत्ताच्या २०१४ च्या स्विफ्टमध्ये कोंबावं लागतं. म्हणून जरा उंच बैठकीची, १.५ लिटर पेट्रोल, ऑटोमॅटिक एसयूव्ही ठरवली आहे. मॉडेल आणि शोरूमचं नाव लिहीत नाही, कारण मला हिशेब समजून घ्यायचाय, कुणाची तक्रार करायची नाही.

कोटेशन असं आहे. एक्स-शोरूम १५,८०,०००. रोड टॅक्स १,८९,६००. ‘आरटीओ खर्च’ ९,०००. टीसीएस १५,८००. इन्शुरन्स ७८,०००. फास्टॅग ६००. हँडलिंग चार्जेस १२,५००. ‘एसेन्शियल किट’ २८,०००. वाढीव वॉरंटी २१,०००. पेंट कोटिंग १४,०००. बेरीज १९,४८,५००. त्यातून ३५,००० सूट, म्हणजे आम्हाला पडणार १९,१३,५००.

शिवाय १० लाखांचं कर्ज शोरूममधूनच, ‘फक्त ५.५ टक्के फ्लॅट’, पाच वर्षं. स्विफ्टचे १,१०,००० आणि वर २५,००० एक्स्चेंज बोनस देतो म्हणतात.

सूट वाढवा म्हटलं तर उत्तर मिळालं, “मॅडम, जीएसटी कमी झाल्यामुळे गाडी आधीच स्वस्त झालीय, आता कंपनी काही सोडत नाही. आणि ही ऑफर आजच बुक केलं तरच.” मिस्टरांचं म्हणणं, शोरूममध्ये घासाघीस होत नसते, सगळीकडे एकच भाव. मला ते पटत नाही. एवढे पैसे देताना प्रत्येक ओळ कशाची आहे हे कळायलाच हवं. यातल्या कुठल्या आकड्यावर बोलता येतं?

---

बोरिवलीचे_काका

सायलीताई, कोटेशन ओळीओळीनं लिहिलंत हे फार चांगलं केलंत. मी निवृत्त होईपर्यंत गाड्यांच्या शोरूममध्ये हिशेबाच्या टेबलावर होतो, त्यामुळे या ओळी मला पाठ आहेत. माझं एकच सांगणं: सुटीचा आकडा वाढवून मागू नका. तळाचा आकडा खाली आणा. सूट वाढवून मिळते आणि तीच रक्कम किटमध्ये किंवा इन्शुरन्समध्ये परत घातली जाते. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं.

आता ओळी बघू. रोड टॅक्समध्ये बोलण्यासारखं काही नाही. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला १० ते २० लाखांच्या टप्प्यात १२ टक्के, तुमचा आकडा बरोबर आहे. डिझेलला हाच दर १४ टक्के. ताडदेव, अंधेरी, वडाळा, बोरिवली, ठाणे, कुठेही पासिंग करा, दर तोच.

टीसीएस, म्हणजे शोरूमनं तुमच्याकडून आधीच घेऊन भरायचा आयकर, १ टक्का, १० लाखांवरच्या गाडीला लागतोच. पण हा खर्च नाही. तुमच्या पॅनवर जमा होतो, आयकराच्या नोंदीत दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो. गाडी सासऱ्यांच्या नावावर घेणार असाल आणि ते रिटर्न भरत नसतील तर हे १५,८०० परत मिळवायला त्यांना रिटर्न भरावं लागेल.

‘आरटीओ खर्च ९,०००’ याची फोड मागा. नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्ड २००, आणि रस्ता सुरक्षा उपकर कराच्या २ टक्के म्हणजे ३,७९२. झाले ६,०९२. उरलेले कशाचे, हे शांतपणे विचारायचं. आवाज चढवायची गरज नाही, “पावती कशाची मिळेल?” एवढंच.

हँडलिंग चार्जेस सरळ काढायला सांगा. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, धुऊन-पुसून तुमच्या हातात देणं, हे एक्स-शोरूम किमतीत आलेलंच आहे. ‘सगळेच घेतात’ असं म्हणाले तर हँडलिंगचं वेगळं जीएसटी बिल मागा. माझ्या अनुभवात इथे बहुतेक वेळा ती ओळ गायब होते.

जीएसटीचं बोलणं ऐकून वाईट वाटलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ टक्के आणि वर सेस होता. ती कपात सरकारनं केली, आणि ती एक्स-शोरूम किमतीत सगळ्यांनाच मिळते. शोरूमनं स्वतःच्या खिशातून दिलेल्या सुटीशी तिचा काही संबंध नाही.

सगळ्यात जास्त वाव इन्शुरन्समध्ये आहे. नवीन गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे. १००० ते १५०० सीसीला त्याचा दर ठरलेला, १०,६४०, आणि जीएसटी धरून साधारण १२,५५५. ते कुणीच कमी करू शकत नाही. पण तुमच्या ७८,००० मधले उरलेले ६५ हजार ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा) आणि अॅड-ऑनचे (वरची जादा कव्हरं) आहेत, आणि तिथे कंपनीगणिक मोठा फरक पडतो. शोरूमकडूनच विमा घ्या अशी सक्ती करता येत नाही. बाहेरून दोन-तीन कोटेशन काढा, पण सगळीकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एकच ठेवा: एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे १५,०१,०००. आयडीव्ही उतरवून हप्ता कमी दाखवला तर ती बचत नाही, गाडी चोरीला गेली तर नुकसान तुमचंच. ते आकडे घेऊन शोरूमला म्हणा, याच कव्हरमध्ये एवढ्यात बसवा.

एक कळकळीची विनंती. पैसे वाचवायला इंजिन प्रोटेक्ट काढू नका. आपण मुंबईत राहतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिनात पाणी गेलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा मिळत नाही. २६ जुलै २००५ नंतर काय झालं ते आम्ही पाहिलंय. झिरो डेप (क्लेम देताना भागांचा घसारा कापत नाहीत ते कव्हर) आणि इंजिन प्रोटेक्ट ठेवा, बाकी अॅड-ऑन एकेक करून विचारा.

आणि स्विफ्टचा नो क्लेम बोनस किती आहे? सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजवर ५० टक्के सूट मिळते. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे.

---

सुशांत_ठाणे

काकांनी मुद्देसूद सांगितलंय. मी मार्चमध्येच गाडी घेतली, म्हणून थोडी भर घालतो.

एकाच शोरूममध्ये बसून भाव करू नका. त्याच कंपनीचे डीलर पश्चिम उपनगरात वेगळे, ठाण्यात वेगळे, नवी मुंबईत वेगळे. टॅक्स सगळीकडे सारखा असल्यामुळे तुलना सोपी होते. सगळ्यांना एकच ईमेल पाठवा: हे व्हेरियंट, हा रंग, ऑन-रोड किमतीची पूर्ण फोड, गाडी कुठल्या महिन्यात बनलेली ते, आणि यार्डात उभी आहे की मागवावी लागेल ते. फोनवर सगळे गोड बोलतात, लिहून देताना आकडा खरा येतो. माझ्या बाबतीत सर्वात कमी आणि सर्वात जास्त यात ४० हजारांच्या वर फरक होता.

वेटिंग असलेल्या मॉडेलवर फारसं काही सुटत नाही, हे मान्य करून चाला. पण यार्डात दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीवर डीलरचं व्याज चढत असतं, ती त्याला घालवायची असते. आता आषाढ चालू आहे, बरेच लोक या दिवसांत गाडी घेत नाहीत, शोरूम रिकामी असतात. पुढे पितृपक्षातही हेच होतं. तुम्हाला मुहूर्ताचा आग्रह नसेल तर महिनाअखेरीला जा. आणि गणपतीला गावी न्यायचीय हे तिथे बोलू नका. तुम्हाला घाई आहे हे कळलं की सूट आटते.

‘५.५ फ्लॅट’ ऐकून फसू नका. १० लाखांवर पाच वर्षांचं व्याज २,७५,००० आणि हप्ता २१,२५०. हाच हप्ता रिड्यूसिंग, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरायच्या, पद्धतीनं जवळपास १० टक्क्यांना येतो. तुमच्या बँकेनं ९ टक्क्यांनी दिलं तर हप्ता २०,७५८ च्या आसपास, पाच वर्षांत साडेएकोणतीस हजार वाचतात. मुदतीआधी फेडलं तर दंड किती हेही विचारा.

जाता जाता: सोसायटीत स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या लावायचं) असेल तर त्या पाळण्याची उंची आणि वजनाची मर्यादा बघा. आमच्याकडे एकाची नवी एसयूव्ही खालच्या मजल्यावर बसतच नाही, रोज रस्त्यावर लावतो.

---

मीनल_दादर

माझा भाऊ गाड्यांच्या विक्रीत आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते.

समोर बसलेल्या मुलाचा पगार छोटा असतो, टार्गेट पूर्ण झालं तर इन्सेंटिव्ह. हँडलिंग, किट, कोटिंग हे त्यानं ठरवलेलं नसतं, वरून आलेलं असतं. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्याला माणसासारखं वागवा. “तुमच्या हातात किती आहे ते सांगा, पुढचं मी मॅनेजरशी बोलते,” असं म्हटलं तर तोच आतल्या गोष्टी सांगतो: कुठली गाडी यार्डात पडून आहे, मिस्टरांच्या कंपनीला कॉर्पोरेट डिस्काउंट बसतो का, किटमधलं काय काढता येतं. भाऊ म्हणतो, सगळी तयारी असलेलं, ‘आकडा जमला तर आजच चेक देते’ म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनाही हवं असतं. नुसती चौकशी करणाऱ्याला कोणी शेवटचा भाव देत नाही.

‘आजच बुक केलं तरच’ याला घाबरू नका. उद्या गेलात तरी तीच ऑफर असते.

जुनी गाडी मात्र या बोलण्यात मिसळू देऊ नका. नव्या गाडीवर दहा सोडायचे आणि जुनीत वीस कापायचे, हे सर्रास चालतं. नव्याचा आकडा पक्का होईपर्यंत स्विफ्टचा विषयच काढू नका.

---

सायली_मुलुंड

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना सगळं वाचून दाखवलं आणि दोघं मिळून पुन्हा गेलो. ईमेलवर आलेली ठाण्याची आणि वाशीची कोटेशनं सोबत छापून नेली होती.

हँडलिंगचं बिल मागितल्यावर मॅनेजर आत गेले आणि येऊन म्हणाले, काढतो. कोटिंग आम्हीच नको म्हटलं. किटमधले मॅट, मडफ्लॅप आणि सामानाचा ट्रे ठेवला, २८,००० चे ९,००० झाले. आरटीओ खर्च ६,१०० वर आला. इन्शुरन्स झिरो डेप आणि इंजिन प्रोटेक्टसकट, आयडीव्ही तीच ठेवून, ६१,०००. वाढीव वॉरंटी ठेवली, कारण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि गाडी दहा वर्षं वापरायची आहे. सूट कॉर्पोरेट धरून ५०,०००. आता तळाचा आकडा १८,३३,१००. कर्ज आमच्या बँकेकडून घेतोय. स्विफ्टला बाहेर १,५५,००० सांगितलेत.

राहिले दोन प्रश्न. काका, स्विफ्ट सासऱ्यांच्या नावावर आहे, बोनस ५० टक्के आहे, पण नवी गाडी मिस्टरांच्या नावावर येणार. मग तो बोनस मिळेल का? आणि बुकिंगचे पैसे देताना काय जपायचं?

---

बोरिवलीचे_काका

ताई, पहिल्या आकड्यावरून ८०,४०० खाली आलात, आणि गरजेचं काहीच सोडलं नाहीत. हा भाव रास्त आहे. आता आणखी दोन-चार हजारांसाठी ताणू नका, हो म्हणा.

बोनस मिस्टरांना मिळणार नाही. तो सासऱ्यांच्या नावाचा आहे, आणि दुसऱ्याच्या नावावर जात नाही. कर्ज मिस्टरांच्या नावावर असल्यामुळे गाडीही त्यांच्याच नावावर लागेल, त्यामुळे त्यात अडकू नका. पण स्विफ्ट विकल्यावर सासऱ्यांच्या विमा कंपनीकडून बोनसचं पत्र घेऊन ठेवा. ते तीन वर्षं चालतं, त्यांच्या नावावर दुसरी गाडी घ्यायची झाली तर उपयोगी पडेल. स्विफ्ट देताना फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या तरी आरसीवर नाव बदलेपर्यंत जबाबदारी सासऱ्यांचीच राहते. बदललेल्या आरसीची प्रत हाती येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका.

बुकिंगबद्दल: पावतीवर व्हेरियंट, रंग, १८,३३,१०० हा पूर्ण आकडा, सुटीची फोड आणि बुकिंग रद्द झालं तर किती पैसे परत मिळतील, हे सगळं लिहून घ्या. पैसे शोरूमच्या खात्यात चेकनं किंवा आरटीजीएसनं, कुणाच्या वैयक्तिक खात्यात एक रुपयाही नको. गाडी आली की पासिंगच्या आधी यार्डात जाऊन दिवसाउजेडी बघा: चासी नंबर, बनल्याचा महिना, रंगावर कुठे हात मारलाय का, टायर, काचा, ओडोमीटर. काही खटकलं तर तिथल्या तिथे दुसरी गाडी मागा, कारण एकदा तुमच्या नावावर नोंदणी झाली की ती बदलून मिळत नाही. बघून समाधान झालं की चासी नंबर लिहून घ्या आणि त्याच नंबरचं बिल आणि विमा बनवायला सांगा. बँकेचा चेक त्यानंतरच सोडा.

सासूबाईंना यार्डात नाही तरी टेस्ट ड्राइव्हला नक्की घेऊन जा. मागच्या दारातून त्यांना स्वतःला चढता-उतरता येतं का ते बुकिंगच्या आधी बघा. काही गाड्यांची बैठक इतकी उंच असते की गुडघ्याला तेही अवघड जातं. साइड स्टेप लागणार असेल तर ९,००० च्या किटमध्येच ती बसवून मागा. आत्ता बोलणी चालू आहेत तोवर ते मान्य करतील.